फुल्ल सेन्सिटिव्हिटीनं हंडा बोलत नाही

मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सिग्नल पकडायची तीव्रता, याबद्दल ‘मशीन फुल्लवर ठेवा, १० फुटांवरचा हंडाही बोलतो,’ हे मराठवाड्यात पारावर हमखास ऐकू येतं. तसं नाही. आपली काळी माती बेसाल्टची. त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांमुळं फुल्लवर मशीन नुसतं किरकिरतं. आधी धातू नसलेली जागा बघा, कॉइल (मशीनची खालची चकती) खालीवर हलवत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला मातीचा सिग्नल वगळायला लावा, मग किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. कॉइल जमिनीलगत, सपाट, सावकाश फिरवा. टोकाला उचलायची नाही. साध्या मशीनला एकटं नाणं वीतभर खोल लागलं तरी पुष्कळ. (सुरुवातीला खिळे आणि बुचंच निघतात.) दौलताबादसारख्या संरक्षित किल्ल्यात खोदायचं नावच नको. १८७८ च्या कायद्यानं १० रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.