फ्री-बिझी माहिती

फ्री-बिझी माहिती : एखादी व्यक्ती कोणत्या वेळी मोकळी व कोणत्या वेळी गुंतलेली आहे, एवढेच इतरांना दाखवणारा सामायिक कॅलेंडरातील तपशील. मीटिंगचा विषय वा ठिकाण त्यात येत नाही. येथे मुख्यतः मायक्रोसॉफ्टचे क्लासिक आउटलुक (संगणकावरील मेल व कॅलेंडरचा प्रोग्राम) व एक्स्चेंज सर्व्हर (संस्थेतील सर्वांच्या मेलबॉक्स सांभाळणारी प्रणाली) यांचा विचार केला आहे.

या सोयीचा आरंभ कशाला मानावा, हे व्याख्येवर ठरते. आयबीएमच्या ‘प्रॉफ्स’ या कार्यालयीन प्रणालीत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच कॅलेंडर होते. मायक्रोसॉफ्टचा ‘शेड्यूल प्लस’ हा कॅलेंडरचा प्रोग्राम १९९२ च्या सुमाराचा. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीसाठीच्या १९९६ च्या ‘व्हीकॅलेंडर’ या प्रमाणात घटना आणि कामे यांचेच घटक होते; फ्री-बिझीचा स्वतंत्र घटक त्याच्या पुढच्या ‘आयकॅलेंडर’ या प्रमाणाच्या आरएफसी २४४५ (‘आरएफसी’ म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) मध्ये (नोव्हेंबर १९९८) आला आणि आरएफसी ५५४५ मध्ये (२००९) कायम राहिला. वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्रणालींना समान भाषा त्यामुळेच मिळाली, म्हणून १९९८ हे वर्ष आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संगणक-वापराचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच दाखवले होते, की अशा सोयीचा लाभ मीटिंग बोलावणाऱ्याला होतो, पण कॅलेंडर भरण्याचे कष्ट इतरांना पडतात. हे निरीक्षण आजही लागू पडते : ज्याने कॅलेंडर भरलेच नाही, तो सदैव मोकळा दिसतो.

आउटलुक २००३ पर्यंत प्रत्येकाचा संगणक आपली माहिती सर्व्हरवरील ‘शेड्यूल प्लस फ्री बिझी’ या सार्वजनिक फोल्डरात टाकत असे. मूळ सेटिंगनुसार दर १५ मिनिटांनी, पुढील दोन महिन्यांपुरती. त्यामुळे शिळी माहिती दिसणे नित्याचे होते. एक्स्चेंज २००७ पासून सर्व्हरवरील ‘अव्हेलेबिलिटी सर्व्हिस’ मेलबॉक्समधील कॅलेंडर थेट वाचते आणि तिचा पत्ता आउटलुकला ‘ऑटोडिस्कव्हर’ या सर्व्हरचे पत्ते आपोआप कळवणाऱ्या सेवेकडून मिळतो. सार्वजनिक फोल्डरातील माहिती पुसून नव्याने टाकण्यासाठी ‘क्लीनफ्रीबिझी’ स्विच (सुरू करण्याच्या आज्ञेला जोडायचा शब्द) देऊन आउटलुक सुरू करण्याचा जुना उपाय म्हणूनच आता सहसा निरुपयोगी ठरतो.

शेड्यूलिंग असिस्टंटमध्ये (मीटिंग ठरवताना सर्वांच्या वेळा शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या तक्त्यात) तिरप्या रेघा दिसल्या, तर माहिती मिळालीच नाही असा अर्थ. कोरी जागा म्हणजे मोकळा वेळ. या दोहोंची गल्लत केल्यास पुढचा सारा शोध चुकतो. रेघा एकाच व्यक्तीपुढे असतील, तर तिच्या कॅलेंडरची परमिशन पाहावी. ‘डीफॉल्ट’ (वेगळी परमिशन न दिलेले संस्थेतील इतर सर्व) या नावापुढे किमान ‘अव्हेलेबिलिटीओन्ली’ (फक्त मोकळे-गुंतलेले दिसणे) हवे. ‘नन’ असल्यास रेघाच दिसतात. परमिशन दाखवणाऱ्या ‘गेट-मेलबॉक्सफोल्डरपरमिशन’ या व्यवस्थापकाच्या आज्ञेला कॅलेंडर फोल्डर सापडला नाही, तर त्याचे नाव मेलबॉक्सच्या भाषेत असण्याचा संभव असतो.

सर्वांपुढे रेघा असतील, तर आधी ब्राउझरमधून आउटलुक उघडून पाहावे. तेथे माहिती नीट दिसली, तर दोष बहुधा डेस्कटॉपच्या बाजूला असतो. कंट्रोल दाबून टास्कबारच्या कोपऱ्यातील आउटलुकच्या चिन्हावर राइट-क्लिक करावे, ‘टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन’ निवडावे, गेसस्मार्टच्या (पत्ते अंदाजाने शोधण्याच्या पर्यायाच्या) दोन्ही खुणा काढाव्यात आणि चाचणी चालवावी. निकालात अव्हेलेबिलिटी सर्व्हिसचा पत्ता नसेल किंवा तो जुन्या सर्व्हरचा असेल, तर दोष ऑटोडिस्कव्हरमध्ये. पत्ता बरोबर असेल, तर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवरील नाव त्याच्याशी जुळते का ते तपासावे. प्रॉक्सीनेही (संस्थेच्या नेटवर्कमधील मध्यस्थ सर्व्हरनेही) हा मार्ग अडतो.

माहिती मिळते, पण चुकीची असते, तेव्हा कारण बहुधा नोंदीतच सापडते. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद मूलतः ‘फ्री’ धरली जाते. रजा टाकताना ‘शो अ‍ॅज’मध्ये ‘आउट ऑफ ऑफिस’ निवडले नाही, तर रजेवरचा माणूस मोकळाच दिसतो. मूळ कॅलेंडर सोडून स्वतः तयार केलेल्या दुसऱ्या कॅलेंडरातील नोंदी मोजल्या जात नाहीत. सर्व नोंदी सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील, तर टाइम झोन पाहावा. पुणे-मुंबईहून न्यूयॉर्कशी काम करणाऱ्यांना हे अंतर उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तासांचे पडते. दर आठवड्याची मीटिंग कोणत्या टाइम झोनमध्ये नोंदवली, यावर अमेरिकेतील घड्याळे बदलतात तेव्हा, मार्च आणि नोव्हेंबरात, ती कोणाकडे तासाभराने सरकणार हे ठरते.

दोन संस्थांना एकमेकांची माहिती दिसायची, तर ‘ऑर्गनायझेशन रिलेशनशिप’ (दुसऱ्या संस्थेला ही माहिती दाखवण्याची सर्व्हरवरील नोंद) दोन्ही बाजूंनी हवी, आणि समोरचे डोमेन तिच्यात नोंदलेले असावे. किती तपशील दाखवायचा याची तिने ठरवलेली पातळी ही कमाल मर्यादा होय. व्यक्तीची परमिशन त्याहून कमी असल्यास तीच चालते.