पंचस्कंध

पंचस्कंध (पाली : पञ्चक्खन्ध) ही बौद्ध तत्त्वज्ञानाने केलेली माणसाची उकल आहे. आपण ज्याला 'मी' म्हणतो ते रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच समूहांचे एकत्र चालणे होय. त्यांच्याआड बसलेला त्यांचा कोणी धनी नाही, अशी बुद्धांची शिकवण. स्कंध म्हणजे रास. झाडाचे खोड हाही त्याचा अर्थ. मराठीतला 'खांदा' याच शब्दातून आला.

हे पाचही शब्द मराठीत रोजच्या वापरात आहेत आणि घोळ तिथेच होतो. रूप म्हणजे देखणेपणा नव्हे, तर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार महाभूतांचे बनलेले सारे भौतिक, शरीरासकट. वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. उन्हातून येऊन माठातले पाणी प्यायल्यावर वाटणारे सुखही वेदनाच, आणि सुख-दुःख दोन्ही नसलेली तिसरी अवस्थाही वेदनाच. संज्ञा म्हणजे ओळख पटणे : शेतातून येणारा धूर पऱ्हाटीवर भरताची वांगी भाजल्याचा आहे, हे कळणे. संस्कारांत मुख्य आहे चेतना, म्हणजे हेतू. मुंज, लग्न किंवा घरचे वळण यांच्याशी त्याचा संबंध नाही. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतले शास्त्र नव्हे, तर डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन यांच्याद्वारे होणारी सहा प्रकारची जाणीव.

सारनाथच्या पहिल्याच प्रवचनात बुद्धांनी दुःखाचे सार एका वाक्यात सांगितले : थोडक्यात, पाच उपादानस्कंध हेच दुःख. येथे 'उपादान', म्हणजे घट्ट धरून ठेवणे, हा शब्द महत्त्वाचा. त्यानंतरच्या अनत्तलक्खण सुत्तात, म्हणजे अनात्म्याच्या लक्षणावरील प्रवचनात, प्रत्येक स्कंध घेऊन 'हे माझे नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही' असे पाहायला शिकवले आहे. नागसेन भिक्खूंनी मिलिंद या ग्रीक राजाला हाच मुद्दा रथाच्या दृष्टांताने पटवला : चाके, आस, जू यांच्यापलीकडे 'रथ' म्हणून वेगळे काही नसते. पुढे महायान या नंतरच्या बौद्ध पंथाने स्कंधही स्वभावशून्य, म्हणजे स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नसलेले, ठरवले.

आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न जुनाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत तो थेट मांडला आहे. वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या मुक्कामाच्या काळात, विहारांमधून हा ग्रंथ वाचला जातो, तेव्हा पंचस्कंधांचा अर्थ समजावून सांगणे अटळ ठरते. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या अजिंठ्यात, १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या चाकाचे, भग्न चित्र आहे. भवचक्र ज्या बारा निदानांचे, म्हणजे एकातून दुसरे उद्भवणाऱ्या कारणांच्या साखळीचे, असते, त्यांत संस्कार, विज्ञान आणि वेदना ही नावे पुन्हा भेटतात.

संयुत्त निकाय या पाली प्रवचनसंग्रहातल्या फेण सुत्तात प्रत्येक स्कंधाला एक उपमा आहे. रूप गंगेवरच्या फेसाच्या गोळ्यासारखे, वेदना पावसाच्या बुडबुड्यासारखी, संज्ञा भर उन्हाळ्यातल्या दुपारच्या मृगजळासारखी, विज्ञान चव्हाट्यावरच्या जादूगाराच्या खेळासारखे. संस्कारांना उपमा केळीची. टणक लाकूड हवे म्हणून एक माणूस कुऱ्हाड घेऊन रानात जातो, सरळसोट केळ तोडतो, पदर सोलत जातो. त्याला वरचे कच्चे लाकूडही मिळत नाही, मग आतले सार कुठले? केळीच्या खोडाला पालीत 'कदलिक्खन्ध' म्हणतात. 'खन्ध' हा शब्द तोच.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. केळीचे खोड म्हणजे पानांच्या बुडख्यांची एकावर एक गुंडाळी, हे त्याने विळ्याने कापून पाहिलेले असते. सुत्तातला एक शब्द मात्र त्यालाच नीट उमगेल : 'अकुक्कुकजात', म्हणजे आत फुलाचा दांडा अजून न धरलेली केळ. निसवणीच्या, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याच्या, वेळी घडाचा दांडा खोडाच्या मधोमध वर चढतो; तेव्हा सोलणाऱ्याच्या हाती निदान तो तरी लागतो. दृष्टांतातली केळ त्याआधीची आहे.