विकास बँका, खासगी उद्योग आणि गरिबी: भारतातील पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या सुमारास कारखाना काढू पाहणाऱ्याची मोठी अडचण दीर्घ मुदतीच्या पैशाची होती. व्यापारी बँका मालाच्या तारणावर काही महिन्यांचे कर्ज देत. यंत्रसामग्रीसाठी दहा-पंधरा वर्षे पैसा अडकवणे ठेवींवर चालणाऱ्या बँकांना परवडणारे नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी विकास बँका, म्हणजे उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या संस्था, निघाल्या; त्यांपैकी भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ १९४८ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर १९५५ मध्ये मुंबईत जागतिक बँकेच्या पुढाकाराने आयसीआयसीआय उभी राहिली; परदेशी यंत्रे आणण्यासाठी लागणारे परकीय चलनातले कर्ज ही तिची खासियत होती. १९६४ मध्ये आयडीबीआयची (भारतीय औद्योगिक विकास बँक) भर पडली.

कारखाने वाढले की रोजगार वाढेल आणि गरिबी आपोआप हटेल, हे या व्यवस्थेमागचे गृहीतक होते आणि ते निम्मेच खरे ठरले. स्वस्त कर्ज यंत्रांसाठी मिळत असल्याने माणसांपेक्षा यंत्रांवर भर देणारे प्रकल्प सोयीचे झाले, शिवाय तारण व प्रकल्प अहवाल देऊ शकणाऱ्या प्रस्थापित उद्योग घराण्यांनाच हे कर्ज सहज मिळे. महाराष्ट्रात उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटले होते. ते मागास भागांकडे वळावेत म्हणून राज्य सरकारने १९६६ मध्ये सिकॉम या महामंडळाची स्थापना केली.

खरा बदल पुनर्वित्ताच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांनाच त्यासाठी पैसा पुरवण्याच्या मार्गाने झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाबार्ड या शेती व ग्रामविकासासाठीच्या बँकेने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. त्याची रीत साधी होती: दहा-वीस बायकांनी दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे, आणि वहीतल्या वेळेवरच्या परतफेडीवर विसंबून बँकेने बचतीच्या काही पट कर्ज विनातारण गटाला द्यायचे. बँकेला तो पैसा नाबार्डकडून पुनर्वित्त म्हणून मिळे. शेळ्या, शिलाई मशीन, किराणा दुकान अशा गोष्टींसाठी लागणारे हे कर्ज इतके लहान असे की, मुंबईतल्या मुख्यालयातून एकेक अर्ज तपासणे कोणत्याही विकास बँकेला शक्य नव्हते. लघुउद्योगांसाठी १९९० मध्ये लखनौला मुख्यालय असलेली सिडबी आली, तीही बरेचसे काम अशाच मध्यस्थ संस्थांमार्फत करते.

आर्थिक सुधारणांनंतर विकास बँकांना मिळणारा सवलतीच्या दराचा निधी आटत गेला. आयसीआयसीआय २००२ मध्ये आपणच काढलेल्या आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तर आयडीबीआयचे २००४ मध्ये व्यापारी बँकेत रूपांतर झाले. पायाभूत प्रकल्पांच्या दीर्घ कर्जाची उणीव पुन्हा जाणवू लागल्यावर २०२१ मध्ये संसदेने कायदा करून त्यासाठी नवी विकास बँक स्थापन केली.