‘हाऊ’ : कधी कसं, कधी किती

चर्चगेटला उभं राहून ‘हाऊ डू आय गो टू विरार?’ असं विचारलं, तर उत्तर येईल ‘लोकलनं’. ‘हाऊ फार इज विरार?’ याचं उत्तर मात्र ‘साधारण ६० किलोमीटर’. पहिला ‘हाऊ’ म्हणजे ‘कसं’, दुसरा ‘किती’. खूण सोपी आहे. ‘हाऊ’ला लागून ‘फार’, ‘ओल्ड’, ‘ऑफन’ असं विशेषण किंवा क्रियाविशेषण आलं की ‘किती’. लगेच ‘डू’, ‘डिड’, ‘कॅन’ आलं की ‘कसं’. आपला ‘किती’ पाण्यालाही चालतो आणि बाटल्यांनाही; इंग्रजीत पाणी ‘हाऊ मच’, बाटल्या ‘हाऊ मेनी’. रुपये मोजता येतात, तरी भाजीचा भाव विचारताना ‘हाऊ मच’च.

खरी अडचण शब्दांच्या जागेची. ‘तू दादरला कसा जातोस?’ यात ‘कसा’ क्रियापदाशेजारी निवांत बसतो. इंग्रजीत ‘हाऊ’ वाक्याच्या तोंडाशी जातो आणि कर्त्याआधी सहायक क्रियापद मागतो : ‘हाऊ डू यू गो टू दादर?’ नुसतं ‘हाऊ यू गो?’ चुकीचं. हे एकदा घोटून पाठ झालं की उलटी चूक सुरू होते : ‘आय डोन्ट नो हाऊ डिड ही गो.’ इथं हवं ‘हाऊ ही वेन्ट’, कारण मोठ्या वाक्याच्या पोटात गेलेला प्रश्न साध्या विधानाचा क्रम घेतो. ‘तो कसा गेला?’ आणि ‘तो कसा गेला ते मला माहीत नाही’; मराठीत क्रम दोन्हीकडे तोच राहतो. म्हणून ही चूक चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडी टिकून असते, आणि शिकवताना तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

‘ते कसं दिसतं?’ हा दुसरा सापळा. शेवटी ‘लाइक’ असेल तर सुरुवातीला ‘व्हॉट’ : ‘व्हॉट डज इट लुक लाइक?’ ‘हाऊ’ आणि ‘लाइक’ इथं एकत्र नांदत नाहीत.

‘हाऊ कम’ मात्र आपल्याला सहज जमावा, कारण तो हुबेहूब आपला ‘कसं काय’ आहे : तू आज कसं काय इकडे? त्याच्यापुढे क्रम उलटत नाही. ‘हाऊ कम यू आर हिअर?’

इंग्रजीतले ‘हाऊ’, ‘व्हॉट’ आणि आपले ‘कसं’, ‘किती’ मुळात एकाच घरातले आहेत. आदि इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या पूर्वज भाषेतला ‘क्व’सारखा ध्वनी संस्कृतात ‘क’ झाला; त्यातूनच आपले कोण, काय, कधी, कुठे आले. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत त्याचा ‘ह्व’ झाला. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२मध्ये मांडलेल्या ध्वनिबदलाच्या नियमात हा बदल बसतो. जुन्या इंग्रजीत ‘व्हॉट’ होता ‘ह्वॅट’. ‘हाऊ’ मात्र तेव्हाच ‘हू’ झाला होता : पुढच्या दीर्घ ‘ऊ’नं त्यातला ‘व’ गिळला.