वाद कधी जल्प होतो: ऑनलाइन वादांची पार्श्वभूमी

मुद्दा सोडून माणसावर घसरणे, समोरचा बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालणे, जड शब्दांच्या आड लपणे... या खोडी इंटरनेटने आणल्या असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या फार जुन्या आहेत आणि त्यांवरचे नियमही.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झालेली न्यायसूत्रे, म्हणजे 'न्याय' या भारतीय तर्कपरंपरेचा मूळ ग्रंथ, चर्चेचे तीन प्रकार सांगतात. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती पाडायची ती वितंडा. पुढे 22 निग्रहस्थाने, म्हणजे हार ठरवणाऱ्या चुका दिल्या आहेत. त्यांतल्या दोन मला फार मोलाच्या वाटतात. तीनदा सांगूनही विधान सभेला आणि प्रतिवाद्याला कळले नाही, तर बोलणारा हरला, हे 'अविज्ञातार्थ'. भाष्यकार वात्स्यायन कारणही देतो: अप्रचलित शब्द आणि भरभर बोलणे वापरले जाते ते स्वतःची असमर्थता झाकण्यासाठी. दुसरे 'अननुभाषण'. सभेला समजलेले विधान तीनदा ऐकूनही प्रतिवाद्याला पुन्हा मांडता आले नाही, तर तो हरला. म्हणजे सोपे बोलणे हा तर्काच्याच शिस्तीचा भाग होता.

ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात 13 तर्कदोष मांडले, त्यांतले 6 थेट भाषेतून उद्भवणारे. मात्र तर्क आणि सोपी भाषा ही जोडी टिकली नाही. चौदाव्या शतकात गंगेश या तर्कपंडिताने नव्यन्यायाला, म्हणजे न्यायपरंपरेच्या नव्या शाखेला, विलक्षण काटेकोरपणा दिला, पण ती परिभाषा वर्षानुवर्षे शिकल्याशिवाय कळत नाही.

1980 मध्ये यूजनेट हे संगणकांवरून चालणारे चर्चेचे जाळे सुरू झाले आणि लेखी वाद अनोळखी माणसांत, सर्वांदेखत होऊ लागले. 1990 मध्ये माइक गॉडविन या अमेरिकी वकिलांनी निरीक्षण नोंदवले, की ऑनलाइन चर्चा लांबत जाते तशी कुणीतरी हिटलरशी तुलना करण्याची शक्यता वाढत जाते. माझ्या मते खरा फरक इथेच पडला: सभा आली, पण हार-जीत ठरवणारा मध्यस्थ आला नाही. प्रेक्षकांसमोर वादाचा जल्प व्हायला वेळ लागत नाही.

आता तर्कदोषांची नावेच हत्यारासारखी वापरली जातात. 'हा स्ट्रॉ मॅन आहे', म्हणजे माझे विधान वाकवून त्यावर हल्ला केला आहे, एवढे लिहून लोक मोकळे होतात. मूळ विधान काय होते आणि ते कुठे वाकवले, हे दाखवत नाहीत. न्यायसूत्रांनी यालाही जागा ठेवली आहे. जिथे दोष नाही तिथे दोष लावणे, 'निरनुयोज्यानुयोग', हे त्या 22 पैकीच एक निग्रहस्थान आहे.