मुलांचं लेखन मोबाइलने बिघडवलं? आकडे तसं म्हणत नाहीत

‘मोबाइल आला आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं लेखन बिघडलं’ हे विधान अनेक वर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. मुळात ही ओरड मोबाइलच्या कितीतरी आधीची. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशासाठी लेखी इंग्रजी परीक्षा सुरू केली, तेव्हाही परीक्षक नाराजच होते.

अँड्रिया लन्सफर्ड आणि कॅरन लन्सफर्ड या लेखनाच्या अमेरिकी अभ्यासकांनी पहिल्या वर्षाचे ८७७ निबंध तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. शंभर शब्दांमागे २.४५ चुका निघाल्या. १९८६ च्या पाहणीत हेच प्रमाण २.२६ होतं आणि १९१७ मध्ये २.११. जवळपास शतकभरात पडलेला फरक एवढाच! उलट निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून १,०३८ वर गेली. शिवाय आता मुलं नुसत्या आठवणी लिहीत नाहीत, संदर्भ शोधून युक्तिवाद करतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

बदलली ती चुकांची जात. १९८६ मध्ये स्पेलिंगच्या चुका सर्वाधिक होत्या, नंतर चुकीचा शब्द वापरणं पहिल्या क्रमांकावर आलं. ‘डेफिनेटली’चं स्पेलिंग चुकलं, की स्पेलचेकर कधीकधी ‘डिफायंटली’ सुचवतो. ‘नक्कीच’चं होतं ‘उद्धटपणे’, आणि घाईत तेच छापलं जातं.