बावन्नातून सतरा गेले, पंचेचाळीस कसे उरले?

५२ मधून १७ वजा करायला सांगितलं की दुसरी-तिसरीतली बरीच मुलं ४५ लिहितात. मूल एककाच्या घरात येतं, २ मधून ७ जात नाहीत हे त्याच्या लक्षात येतं, मग ते सरळ ७ मधून २ काढून ५ लिहितं. दशकाच्या घरात ५ मधून १ गेला, उरले ४. मुलाने नियम अगदी इमानाने पाळलाय, पण तो नियम त्याने स्वतःच बनवलेला आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुका गोळा करून दाखवलं की त्यातल्या कितीतरी निष्काळजीपणाच्या नसतात. त्या ठरावीक वळणाने होतात, इतक्या की मूल पुढच्या गणिताचं कोणतं चुकीचं उत्तर लिहील, हेही आधी सांगता येतं.

प्राथमिक वर्गात टॅबलेट आणायचा तर माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारावा: या ४५ चं ॲप काय करतं?

बहुतेक ॲप लाल फुली दाखवतात आणि पुढे जातात. लगेच कळणं महत्त्वाचं आहे, यात शंका नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला बसले होते. काही मुलं अडून बसलेली, काहींची गणितं केव्हाच होऊन गेलेली, आणि आपलं बरोबर की चूक हे कुणालाच तिथल्या तिथे कळत नव्हतं. ते पाहून स्किनर यांनी प्रत्येक उत्तरानंतर ताबडतोब निकाल सांगणारं शिकवण्याचं यंत्र बनवलं. आजच्या ॲपमधली ‘उत्तर द्या, निकाल बघा, पुढे चला’ ही चाल तिथलीच.

पण नुसत्या निकालावर भागत नाही. १९७३ मध्ये गणित-शिक्षणाचे संशोधक स्टॅन्ली अर्लवँगर यांनी सहावीतल्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. लेखात त्याचं नाव बेनी असं आहे. बेनी ज्याच्या-त्याच्या गतीने शिकण्याच्या एका कार्यक्रमात होता. स्वतः गणितं सोडवायची, उत्तरं ताडून घ्यायची, चाचणी द्यायची, पुढच्या पायरीवर जायचं. त्याची प्रगती चांगली मानली जात होती. अर्लवँगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं की ५/१० दशांशात लिहायला सांगितलं तर तो १.५ लिहितो. अंश आणि छेद मिळवायचे, १५ होतात, मध्ये टिंब द्यायचं! गणित म्हणजे उत्तरपत्रिकेतलं उत्तर कसंतरी गाठणं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. हे सगळं कागदावर चाललं होतं, तेव्हा टॅबलेट कुठे होते? तरी प्रत्येक मूल आपापल्या पडद्यात मान घालून बसलेलं दिसलं की मला बेनीच आठवतो.

चांगलं ॲप ४५ पाहून थांबतं. पडद्यावर दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुटे मांडतं आणि म्हणतं, यातून सतरा काढून दाखव. सात सुटे कुठून आणायचे? मुलाला एक गठ्ठा बोटाने मोकळा करावा लागतो. गठ्ठे चार राहतात, सुटे बारा होतात, आणि एकूण बावन्नच आहेत हे त्याला दिसत असतं. संख्यारेषेचंही तसंच. ० ते १०० च्या रेषेवर १० कुठे, असं विचारलं तर लहान मुलं बोट बरंच उजवीकडे नेतात, कारण त्यांच्या मनात लहान संख्या ऐसपैस पसरलेल्या असतात आणि मोठ्या एकमेकींना खेटून. बोट चुकीच्या जागी पडताच दहा-दहाच्या उड्या दिसल्या, तर ती मांडणी हळूहळू सरळ होते.

याने खरंच फरक पडतो का? आफ्रिकेतल्या मलावी देशात एका प्राथमिक शाळेत संशोधक निकोला पिचफोर्ड यांनी मुलांचे तीन गट पाडले: गणिताचं ॲप असलेला टॅबलेट, गणित नसलेला टॅबलेट आणि नेहमीचा वर्ग. रोज साधारण अर्धा तास, आठ आठवडे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दुसरी-तिसरीत गणिताच्या ॲपचा गट इतर दोन्ही गटांच्या पुढे होता. नुसता टॅबलेट हातात असून उपयोग झाला नव्हता.

उलट बाजूही आहे. गुजरातेत अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी संगणकावरच्या गणिताच्या कार्यक्रमाची पाहणी केली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून तो वापरला तेव्हा मुलांना फायदा झाला. वर्गातल्या शिकवण्याचा वेळ काढून तोच कार्यक्रम दिला, तेव्हा मुलं मागे पडली. शिक्षिकेचा तास पडद्याला देऊन टाकायचा नसतो, हे यातून मला अगदी स्पष्ट दिसतं. ‘हे पंचेचाळीस कसे आले, सांग बरं’ असं विचारून मुलाचं ऐकून घेणं अजून तरी तिलाच सर्वांत चांगलं जमतं. वर्गातल्या कोणकोणत्या मुलांनी ४५ लिहिलं, याची यादी तास संपायच्या आत तिच्यासमोर आली, तर त्या मुलांना एकत्र बसवून ती गठ्ठे सोडायला लावू शकते.

म्हणून ॲप निवडताना त्यातली गाणी आणि बक्षिसाचे तारे बाजूला ठेवा. स्वतः बसा, ५२ वजा १७ उघडा, मुद्दाम ४५ लिहा आणि पुढे काय येतं ते बघा. मग ६३ वजा २८ ला ४५ लिहा. तीच चूक दुसऱ्यांदा केल्यावरही ॲप नुसती फुली मारत असेल, तर दुसरं ॲप शोधा.